ड्रमांना टोपडी शिवणाऱ्या बाई

माझी मुलगी आज सातवीत आहे ती आमच्या घरमालकीण बाईंमुळे. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवते, कारण पुढं लिहिताना मला राग येणार आहे आणि रागात माणूस मुख्य गोष्ट विसरतो. बाईंचं नाव लिहीत नाही. गावाचंही लिहीत नाही. अकोल्याहून एसटीनं जायचं, कापसाच्या जिनिंगचं गाव, नगरपालिका आहे, एवढं पुरे. बाईंना अजून तिथंच राहायचं आहे आणि मी इकडं लांब चाकणला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. लांबून बोलायला काय जातं? तरी भीती वाटतेच. आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून काहीही लिहिलं की आपलं काहीतरी चुकलं असंच मला वाटत राहतं.

आमचं गाव अचलपूरकडचं. नवऱ्याला जिनिंगमध्ये काम लागलं म्हणून आम्ही सामान टेम्पोत घालून खोली शोधत फिरत होतो. पोरगी कडेवर. प्रत्येक घरमालक आधी जात विचारायचा, मग माणसं किती, मग पाहुणे किती येतात. बाई ओट्यावर शिलाई मशीनवर बसल्या होत्या. गळ्यात माप घ्यायची टेप. मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली ब्लाउजांचा ढीग. वर न बघताच त्यांनी विचारलं,

"पानी कायच्यात भरतं वं तू?"

मी म्हटलं, "एक ड्रम आहे. दोन घागरी."

"ड्रमाले झाकन हाये?"

"नाही."

"मंग थांब. आन इकडं तो ड्रम."

नवऱ्यानं टेम्पोतून ड्रम उतरवला. बाईंनी ब्लाउजच्या गळ्याचं माप घेतात तशी ड्रमाच्या तोंडाला टेप गुंडाळली, एक जुनी नायलॉनची साडी फाडली, कडेनं इलास्टिक भरलं आणि ड्रमाच्या तोंडावर बसवून दिलं. लहान बाळाच्या टोपड्यासारखं दिसत होतं. त्याला त्या टोपडंच म्हणायच्या. "नायलॉनचंच पाह्यजे. सुती कपडा पानी पिते अन् ढिला पडते." भाड्याचं बोलणं त्यानंतर झालं. त्या आमच्याच वॉर्डाच्या नगरसेविका आहेत हे तर आम्हाला दोन दिवसांनी कळलं, तेही दुधवाल्याकडून.

त्या कोणाच्याही घरी गेल्या की खुर्चीवर बसत नसत. आपल्याकडं पाहुणा आला की आधी तांब्या पुढं करायची रीत. बाई हात आडवा करून म्हणायच्या, "पानी पाजू नोको, पानी दाखव." आणि सरळ मोरीकडं. मोबाइलची बॅटरी लावून ड्रमात बघायच्या, टाकीत बघायच्या, कूलरच्या तळात, फ्रिजच्या मागच्या तबकात बघायच्या. लग्नाच्या बैठकीला गेल्या तरी हेच. एकदा एका मुलीकडच्यांनी त्यांना मध्यस्थ म्हणून नेलं, तर बाईंनी मुलाच्या घरची टाकी बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरगा चांगला हाये, पन टाकीत अळ्या हायेत. हळदीच्या आंधी टाकी घासा." ते लग्न झालं. टाकी घासली की नाही ते माहीत नाही. पुन्हा त्यांना कोणी मध्यस्थ म्हणून नेलं नाही.

आता हे ड्रम एवढे कशाला, असं पुण्याकडच्या माणसाला वाटेल. आमच्याकडं नळाला आठवडा उलटून गेल्यावर कधीतरी पाणी यायचं. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी गल्लीतला कुकरसुद्धा भरून ठेवलेला असायचा. आणि त्याच नगरपालिकेची रिक्षा भोंगा लावून फिरायची: नागरिकांनी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, घरातली पाण्याची सगळी भांडी रिकामी करून पुसून ठेवावीत. आठवडाभर पाणी द्यायचं नाही आणि आठवड्यातून एकदा ओतून द्या म्हणायचं. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपल्यालाच नीट समजलं नसेल. शिकलेल्या लोकांनी सांगितलंय म्हणजे त्यात काही अर्थ असेल. नव्हता.

डासांवर नगरपालिकेचा दुसरा उपाय म्हणजे धूर. संध्याकाळी धुराचं मशीन निघायचं. पुढं त्या वॉर्डाचा नगरसेवक रुमाल नाकाला लावून चालणार, त्याच्यापुढं फोटो काढणारा, मागं पोरं नाचत. धूर आत यावा म्हणून दारं उघडी ठेवा असं भोंग्यावर सांगायचे आणि धूर दिसला की अख्खी गल्ली धडाधड दारं लावून घ्यायची. डास घरात, धूर रस्त्यावर. तरी दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर चर्चा हीच, की कोणाच्या वॉर्डात धूर जास्त झाला.

बाई नगरसेविका कशा झाल्या ते गल्लीतल्या बायांनीच सांगितलं. वॉर्ड राखीव निघाला, बाईमाणूस पाहिजे होतं. ब्लाउज शिवणारी विधवा बाई आहे, सांगू तिथं सही करेल, असा मोठ्या लोकांचा हिशोब. बाकीच्या नगरसेविकांच्या खुर्चीमागं त्यांचे नवरे उभे राहायचे आणि तेच बोलायचे. पहिल्या सभेत मुख्याधिकारी साहेबांनी बाईंना विचारलं, "तुमच्याकडून कोण बोलणार?" बाई मागं वळून बघून म्हणाल्या, "माह्या मांग त भिंतच हाये. मीच बोलीन."

सभा झाली की संध्याकाळी ओट्यावर ती सभा पुन्हा व्हायची. बाया तुरीच्या शेंगा सोलायला घेऊन बसायच्या आणि बाई मशीनवर बसल्या बसल्या सगळ्यांचे आवाज काढायच्या. टेप उपरण्यासारखी खांद्यावर टाकली की नगराध्यक्ष. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला की मुख्याधिकारी साहेब. आरोग्यावरचा पैसा कुठं खर्च करायचा त्याची सभा मला अजून पाठ आहे, कारण ती बाईंनी बायांच्या आग्रहावरून कितीदा तरी करून दाखवली.

नगराध्यक्ष म्हणतात, "बोला, यंदा आरोग्यात काय काय घ्याचं?"

एक भाऊ उठतात. "धुराची मोठी गाडी घ्या. या लहान मशिनीचा धूर आमच्या वॉर्डात येईपावतर संपते."

दुसरे भाऊ उठतात. "दवाखान्यासमोर कारंजं करा. पेशंटले बरं वाटते."

मग बाई स्वतः. "दवाखान्यात रक्त तपासाची मशीन हाये, ते चालवाले मानूस नाई. तो ठेवा."

साहेब चष्म्यावरून बघतात. "बाई, माणूस ठेवला की दर महिन्याला पगार द्यावा लागतो. कारंजं एकदाच करावं लागतं."

"बरं. मंग पानी तिसऱ्या दिवशी सोडा. आमच्या पाइपलाइनीवरचा पानी सोडाचा वॉल फुटला हाये, तो बसवा. पानी रोजचं आलं त कोन ड्रम भरून ठेवते?"

"तो पाणीपुरवठ्याचा विषय आहे. आज आरोग्य चालू आहे."

"मंग झाकनं वाटा."

"झाकण हा वैयक्तिक लाभ झाला. धूर सार्वजनिक आहे."

"साहेब, मच्छर वैयक्तिक हाये का सार्वजनिक?"

इथं बाई थांबायच्या. मग स्वतःच्या आवाजात सांगायच्या, "मंग चहा आला." बाया हसून हसून शेंगा सांडायच्या. मीही हसायचे. आता आठवलं की हसू येत नाही. गाडी मंजूर झाली, कारंजं मंजूर झालं, आणि त्या दोन्हीचा फायदा कोणत्या डासाला झाला ते कोणी विचारलं नाही.

सभेनंतर नगराध्यक्षांनी बाईंना बाजूला घेऊन समजावलं होतं. ते वाईट माणूस नव्हते, हे बाईच सांगायच्या. ते म्हणाले, "बाई, धूर लोकाईले दिसते. झाकन कोनाले दिसते? त्याच्यावर माहं नाव कुठी लिवू?" पुढं महिला दिनाला त्याच नगराध्यक्षांच्या हातून बाईंचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि साडी. साडी नायलॉनची निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नगराध्यक्षांच्या फाटकाजवळच्या टाकीवर टोपडं बसलेलं होतं आणि त्यावर लाल दोऱ्यानं, साखळी टाक्यात, त्यांचं नाव भरलेलं होतं. त्यांच्या बायकोला ते इतकं आवडलं की तिनं काढू दिलं नाही म्हणे.

मग बाईंनी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात भोळी गोष्ट केली. त्यांनी लिहून दिलं की आमच्या वॉर्डात धूर नको. त्याचं डिझेल, औषध, मजुरी वाचेल ती वॉलच्या कामाला द्या. यातला पहिला भाग त्याच सभेत मंजूर झाला. आमच्या गल्लीत धूर यायचा बंद झाला. दुसरा भाग पुढच्या सभेत, मग त्याच्या पुढच्या, मग तांत्रिक मान्यता, मग साहेबांची बदली. वॉल तसाच फुटका. रस्त्याच्या कडेला त्यातून पाण्याची धार उडायची, गाई तिथं पाणी प्यायच्या आणि पलीकडं आमचे नळ कोरडे.

गल्ली बाईंवर उलटली. मला वाटायचं लोक साहेबांवर रागावतील, कारण फसवलं तर त्यांनी होतं. नाही. लोक बाईंवरच रागावले. कोपऱ्यावरचा चहावाला एकदा त्यांना सगळ्यांदेखत म्हणाला,

"मॅडम, वॉल-बिल राहू द्या तुमचा. धूर त पाठवा. त्या गल्लीत होते, या गल्लीत होते. आमी का मानसं नाई काय?"

बाई म्हणाल्या, "धूर आला का तूच पहिले शटर पाडतं ना रे."

"पाडीन नाई त काय करीन? पन आला त पाह्यजे."

बाई घरी येऊन बराच वेळ मशीनला तेलच घालत बसल्या. मला त्यांचा पडलेला चेहरा बघवेना. मी म्हटलं, "बाई, येऊ द्या ना धूर. तुमचं काय जातंय?" त्या म्हणाल्या, "माहं नाई जात. पन एकदा धूर देला का थे म्हनतीन, झालं, याईचं भागलं. मंग वॉल कोन बसवन?"

पावसाळा संपता संपता माझ्या पोरीला ताप आला. दवाखान्याशेजारच्या अंगणवाडीत जायची ती. दवाखान्यासमोर ते नवीन कारंजं. उद्घाटनाच्या दिवशी चाललं, नंतर कधी नाही. हौद मात्र भरलेला. पोरं त्यात कागदाच्या होड्या सोडायची. माझ्या पोरीला तिथलाच डास चावला असं मी म्हणत नाही. डासाच्या अंगावर वॉर्डाचा नंबर नसतो.

दवाखान्यातले डॉक्टर माणूस चांगले, पण समोर बाजारासारखी गर्दी. म्हणाले, रक्त तपासून आणा, बाहेरून. मी म्हटलं, इथं मशीन आहे म्हणतात. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. कोपऱ्यात मशीन होतं, त्यावर प्लास्टिकचं कव्हर नीट चढवलेलं. अख्ख्या गावात नगरपालिकेनं झाकून ठेवलेली तेवढी एकच वस्तू मी बघितली. बाहेरून रक्त तपासलं. डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाणी पाजत राहा म्हणाले, काही वेगळं वाटलं तर ताबडतोब या म्हणाले.

काही दिवसांनी दुपारी पोरीचा ताप उतरला. अंग गार लागलं तसा माझा जीव भांड्यात पडला. मी देवाला हात जोडले, खिचडी टाकली. नवरा जिनिंगला गेलेला. बाई ब्लाउज द्यायला बाहेर गेल्या होत्या, त्या आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "कशी हाये?"

"उतरला बाई ताप. झोपली आहे. पोट दुखतं म्हणत होती मघाशी."

बाईंनी पोरीचे पाय हातात घेतले. हात घेतले. तिला हाक मारली, तिनं डोळे नीट उघडले नाहीत. बाईंचा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता.

"चाल. अकोल्याले जाचं हाये."

"बाई, ताप उतरला ना."

"माह्या मानसाचाही उतरला होता," बाई म्हणाल्या. "मले वाटलं सुटले. मी त्याईले आंघोळ घालून देली. दिवस बुडाच्या आंधी गेले. आदल्या दिवशीच गल्लीत धूर झाला होता. उचल पोरीले."

एवढंच. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांच्या नवऱ्याचं मला एवढंच माहीत आहे.

नगरपालिकेची रुग्णवाहिका दवाखान्याच्या मागं उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, डिझेल नाही, पंपवाल्याचं बिल अडकलंय, तो देत नाही. दुसरी सरकारी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. रिक्षावाला एवढ्या लांब यायला तयार नाही. मी दवाखान्याच्या पायरीवर पोरीला घेऊन उभी. तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून धुराची नवी गाडी आली. तिच्यात डिझेल होतं. तिच्यात रोज डिझेल असायचं.

बाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. गळ्यात टेप, हात आडवे. ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि हसत डोकं बाहेर काढलं.

"काय मॅडम, शेवटी मांगितलाच ना धूर?"

"मशीन बंद कर. अकोल्याले चाल. पोट्टी बिमार हाये."

"मॅडम, थे अँबुलन्स तिकडं हाये ना."

"तिच्या पोटात डिझेल नाई. तुह्या हाये."

"पन मॅडम, लॉगबुकात काय लिवू?"

"लिही, अकोल्याले धूर माराले गेलो."

तो खाली उतरला, त्यानं पोरीकडं बघितलं आणि मशीन बंद केलं. मशीनवाल्या दोघांनी मागं सरकून जागा केली. डिझेलचा आणि औषधाचा वास, नाकातून जाता जाईना. बाई पोरीचे पाय स्वतःच्या पदरात घेऊन चोळत बसल्या आणि ड्रायव्हरला सारख्या म्हणत होत्या, "खड्डा पाहून घे बापा, खड्डा पाहून." तो ड्रायव्हर नुसता हो माय, हो माय करत होता. त्याचेही माझ्यावर उपकार आहेत, ते इथंच लिहून टाकते.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला बघितलं आणि आम्हाला बाजूला सारून सलाइन लावलं. नंतर मला म्हणाल्या, "वेळेवर आणलीत. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो. अजून थोडं थांबला असतात तर कठीण होतं." हे बाईंना सांगायला मी वळले. बाई कुठं दिसेनात. शोधलं तर त्या वॉर्डातल्या पिण्याच्या माठात बॅटरी मारून बघत होत्या आणि सिस्टर त्यांच्यावर ओरडत होत्या.

पोरगी उठून बसली, बिस्किट मागितलं, आम्ही घरी आलो. घरी बाईंना नोटीस आलेली. आरोग्य विभागाच्या वाहनाचा खाजगी कामासाठी वापर केला, खुलासा करावा.

मला वाचता येतं. तरी मी ते नवऱ्याला वाचायला लावलं, कारण माझा विश्वास बसेना. आरोग्य विभागाची गाडी. आजारी पोरगी. सरकारी दवाखाना. यात खाजगी काय होतं?

त्या सभेला मी गेले. मागं लोकांना बसायला बाकं असतात, तिथं पोरीला मांडीवर घेऊन बसले. मोठ्या माणसांच्या खोलीत मी कधी गेले नव्हते. नवीन साहेब आले होते, त्यांनी नोटीस वाचली. एक भाऊ तावातावानं उठले.

"बाईच्या भाडेकरूसाठी सरकारी डिझेल? त्या दिवशी आमच्या वॉर्डाचा नंबर होता. धूर झाला नाही. याले जबाबदार कोन?"

बाई उठल्या. "आरोग्याच्या गाडीत बिमार पोट्टी नेली. मंग काय नेत असतेत त्याच्यात?"

"धूर," ते भाऊ म्हणाले.

त्यांनी ते गमतीनं म्हटलं नव्हतं. अगदी खरं उत्तर दिलं होतं. सभागृह हसलं, पण ते बाईंना हसलं.

नगराध्यक्षांना वातावरण हलकं करायचं असावं. ते म्हणाले, "बाई, ते मुलगी आली हाये काय? आना ना पुढं, पाहू द्या सगळ्याईले." मी उठलेच होते. मला वाटलं, पोरीला बघितल्यावर तरी यांना लाज वाटेल. बाईंनी मागं वळून मला हातानंच खाली बसवलं.

"नाई," त्या म्हणाल्या. "ते लेकरू हाये. पुरावा नाई."

ठराव झाला. ती गाडी यापुढं दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरायची नाही. आठवड्याभरात गाडीच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या रंगानं रंगवून आलं: फक्त धूर फवारणीसाठी. रुग्णवाहिकेच्या डिझेलचा विषय त्या सभेत निघालाच नाही. रंगाला पैसे होते.

चार दिवसांनी बाई गल्लीत निघाल्या आणि प्रत्येक घरी जुनी नायलॉनची साडी मागितली. धुरासाठी भांडणाऱ्यांनीही दिली. साडी मागितली तर बाईमाणूस नाही म्हणत नाही. मी माझी हिरवी दिली, अजून नेसण्यासारखी होती. ओट्यावर त्या साड्या एकाला एक जोडल्या. इलास्टिक पुरेना म्हणून घेरात दोर ओवला. आणि एका सकाळी दवाखान्यासमोरच्या कारंज्याला, वरच्या तुऱ्यापासून खालच्या हौदापर्यंत, अख्ख्या गल्लीच्या साड्यांचं एक टोपडं चढवलेलं होतं. हिरवं, जांभळं, ठिपक्यांचं. बांधायच्या आधी बाईंनी अंगणवाडीच्या पोरांना हौदातलं पाणी वाटीत घेऊन त्यातल्या अळ्या दाखवल्या. "पाहा, कशे नाचून राहिले." पोरं खुश.

गाव बघायला लोटलं. सगळे हसत होते, फोटो काढत होते. आता ते काढायचं कोणी? आरोग्यवाले म्हणाले, कारंजं बांधकामाचं. बांधकामवाले म्हणाले, त्यात पाणी आहे, पाणीपुरवठ्याला सांगा. पाणीपुरवठावाले म्हणाले, कापड आमच्याकडं येत नाही. टोपडं तिथंच राहिलं, उन्हानं विटून फाटेपर्यंत. माझ्या हिरव्या साडीचा रंग सगळ्यात शेवटी गेला.

मग बाईंची मुदत संपली. पुढं कित्येक वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत, साहेबच गाव चालवायचे. आमच्या जिनिंगला कुलूप लागलं आणि आम्ही चाकणला आलो. अखेर निवडणूक लागली आणि बाई पुन्हा उभ्या राहिल्या. आमची मतं तिथंच होती. आम्ही पोरीला घेऊन एसटीनं गेलो.

समोरच्या उमेदवाराच्या रिक्षावर लिहिलेलं: रोज संध्याकाळी धूर. बाईंचा प्रचार म्हणजे दारोदार जायचं आणि पाणी दाखव म्हणायचं. मत द्या म्हणायचं राहूनच जायचं, मग त्यांच्या मागं मी म्हणायचे. एका चौकात बरीच माणसं जमली होती. मी म्हटलं, "बाई, आता मला बोलू द्या. पोरीला उभी करते. ही त्या गाडीतून गेली म्हणून आज आहे, एवढंच सांगते."

"नाई वं. पोट्टीचा ताप मतासाठी नाई वापराचा."

"तुमच्यावर अन्याय झाला बाई."

"झाला असन. तिच्यावर नोको करू."

त्या पडल्या. निकालाच्या संध्याकाळी गुलाल उडवत धुराची गाडी आमच्या गल्लीत आली. इतक्या वर्षांनी. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दारं लावून घेतली. बाईंनी दार लावलं नाही. धुरात बसून ब्लाउजला हुक लावत राहिल्या. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "आता धूर त देला त्याईनं. आता तरी वॉल बसवाची आठवन करून द्या लागन." दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा त्यांनी चाकणच्या ड्रमासाठी नवीन टोपडं पिशवीत टाकलं. त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. तो माझ्या पोरीनं ओवून दिला होता.

कॅन्टीनमध्ये आम्हाला डोक्याला इलास्टिकची जाळीची टोपी घालावी लागते. पहिल्या दिवशी घातली तेव्हा मी एकटीच हसत होते, सुपरवायझरनं विचारलं काय झालं. काय सांगणार? त्याला सांगितलं असतं की आमच्याकडं धुराला पैसे असतात आणि माणसाला नसतात, तर तो म्हणाला असता, मग तुम्ही लोक त्यांना निवडून कशाला देता. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. चहावाल्याकडंही नसेल.

पोरीला सगळं माहीत आहे. परवा तिनं मला विचारलं, "आई, मी मोठी झाल्यावर बाई मला बोलू देतील का?"

बाई, हे तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवेल म्हणून लिहिते. नवरा मला किती वेळा म्हणाला, मतदान इकडं करून घेऊ. मी करू दिलं नाही. पोरीचंही नाव तिकडच्याच यादीत घालणार आहे. तुम्ही म्हणालात लेकराला उभं करायचं नाही, मी ऐकलं. ती अठराची झाली की लेकरू राहणार नाही. त्या वर्षी मी तिला घेऊन येईन, तुम्ही निवडणुकीला उभ्या असा नाहीतर ओट्यावर बसलेल्या असा. ती त्याच सभागृहात उभी राहून स्वतःच्या तोंडानं सांगेल, त्या दिवशी त्या धुराच्या गाडीतून काय नेलं होतं ते. मग तुम्ही मागं वळून हात दाखवलात तरी ती खाली बसणार नाही. तोवर सुईत दोरा ओवायला दर दिवाळीला तिला पाठवत जाईन.